दवण्याला पाणी

गुहागरात झाड पाण्यावाचून मरत नाही, पाण्यानं मरतं. हे मी सासरी येऊन शिकले, आणि अजून सांगताना माझं डोकं तापतं.

सन तिसाच्या आसपासची गोष्ट. माझं माहेर घाटावरचं. तिथे माळावर आईचा दवण्याचा वाफा होता. दवणा म्हणजे राखी रंगाचं, कातरलेल्या पानांचं हातभर झुडूप. नुसता पदर घासला तरी दिवसभर वास जात नाही. त्याला कोरडी जमीन लागते. आई गेली आणि भावानं वाफा मोडून ऊस लावला. उरलं ते मी पुडीत बांधून आणलेलं चिमूटभर बी. ते सगळं पेरलं, त्यातलं एकच रोप तगलं. त्यानं बी धरलं तर आईचा दवणा राहणार, नाहीतर संपला.

पण या घरात सगळ्यांचे हात ओले! वाडीत पोफळींना रोजचं शिंपणं, मग जाता-येता ज्याच्या हातात तांब्या तो माझ्या दवण्याच्या मुळाशी रिकामा करी. मामंजी संध्येचं पाणी ओतीत, जाऊबाई तांदळाचं धुवण. "नका हो घालू," म्हटलं की म्हणत, "सुकलाय गो बिचारा, बघवत नाही." राखी रंग त्यांना सुकल्यासारखाच दिसे, त्याला मी काय करू? शेवटी परसात जांभ्याचे चिरे रचून, वर रेती घालून, त्यात रोप हलवलं आणि भोवती काटेरी फांद्या रोवल्या.

फाल्गुनात तुरे आले. चैत्र लागला आणि नेमका मला कावळा शिवला. मागच्या पडवीत बाजूला बसले. कशाला हात लावायचा नाही, झाडापेडाला तर नाहीच. आणि समोर सासूबाई काटे सारून दवण्यावर गळती बांधताहेत! उन्हाळ्यात तुळशीवर बांधतात तीच, बुडाला भोक पाडलेलं मडकं, थेंब थेंब पाणी.

"अहो, काढा ते! कुजेल तो!" मी ओरडले.

"तू गप बस गो. तुझ्या आईची आठवण ना ती? मला तुळशीपेक्षा कमी नाही."

आता या बाईवर रागवायचं तरी कसं? दुसऱ्या दिवशी शेंड्यांनी माना टाकल्या, तेव्हा मात्र राहवेना. उठले आणि सगळ्यांच्या देखत मडकं खाली ओढलं. घरात एकच हलकल्लोळ! मी न्हाऊन आले तोवर दवणा काळा पडला होता, आणि आळीभर झालं होतं की सुनेचा विटाळ लागून झाड जळलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोप उपटलं आणि स्वयंपाकघराच्या दारात नेऊन धरलं. मुळं लिबलिबीत, पाणी ठिबकतंय. "बघा! जळलेलं मूळ असं असतं का?"

सासूबाईंनी मूळ चाचपलं. डोळे भरून आले त्यांचे. "नाही गो, विटाळाचं नाहीच हे," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. पाणी कमी पडलं. भावाकडून बी मागव, पुढल्या खेपेला मडकं मोठं बांधू."

मी उंबऱ्यातच बसले आणि ढसाढसा रडले. त्या घाईघाईनं उठल्या आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी आणायला धावल्या.