चौथी बेडरूम

आमच्या ऑफिसातून घरं विकली जायची आणि त्या घरांच्या जाहिराती मी लिहायचे. घरं मी स्वतः क्वचितच पाहिली. टेपकाका जाऊन मोजून यायचे, कागद माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि त्या आकड्यांच्या मागेपुढे मी 'हवेशीर', 'प्रशस्त', 'शांत' असे शब्द पेरायचे. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी हे काम केलं.

टेपकाका हे नाव ऑफिसनं पाडलेलं. मोजायचं लाल दिव्याचं यंत्र आलं तरी त्यांनी कमरेची टेप सोडली नाही. माणूस नाकासमोर चालणारा. आमच्याकडचा नियम असा, की जाहिरातीत एखाद्या खोलीला बेडरूम म्हणायचं तर ती सत्तर चौरस फुटांपेक्षा लहान नको, छत निदान साडेसात फुटांवर हवं, आणि तिला बाहेर उघडणारी खिडकी हवी. खिडकीही अशी, की आग लागून दाराची वाट बंद झाली तर मोठा माणूस तिच्यातून बाहेर पडेल. यातलं एक जरी कमी पडलं तरी त्या खोलीला स्टोअर म्हणा, अभ्यासिका म्हणा, बेडरूम म्हणता येत नाही.

आता एक बेडरूम वाढली की घराचा भाव चढतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे मालक नाना खटपटी करायचे. एकानं जिन्याखाली कॉट घालून वर फुलाफुलांची चादर अंथरली होती. टेपकाका त्याला म्हणाले, "माणूस आडवा होतो म्हणून बेडरूम होत नाही साहेब. माणूस बागेतल्या बाकावरही आडवा होतो." खिडकीबद्दल शंका आली तर ते स्वतः तिच्यातून बाहेर पडून बघायचे. चोपन्नाव्या वर्षी, पोटाचा घेर सांभाळत. एकदा अडकले. आतून मालक ढकलतोय, बाहेरून एजंट ओढतोय, आणि हे मध्येच लटकून शांतपणे सांगतायत, "लिहा, खिडकी अपुरी." ती गोष्ट आम्ही वर्षभर पुरवून पुरवून हसलो.

त्यांच्या घरचं मला थोडंफार माहीत होतं. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. थोरली बहीण तेव्हा सतराची. तिनं शाळा सोडली आणि दोन्ही भावांना वाढवलं. कपड्यांच्या दुकानाची दुरुस्तीची कामं ती घरी आणायची, पँट आखूड करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. तिचं लग्न राहून गेलं. ठरवून कोणी राहू दिलं नाही, पण ठरवून कोणी केलंही नाही. टेपकाका लग्नानंतर दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेऊन वेगळे झाले. धाकटा वडिलांच्या घरातच राहिला. त्याचं लग्न झालं तेव्हा ताईची खोली नव्या जोडप्याला दिली आणि ताई स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेली. तिथे ट्रंका असायच्या, शिलाई मशीन असायचं. थोडे दिवस, म्हणाले सगळे. त्याला सव्वीस वर्षं झाली.

वडील गेले. कागदावर घर दोघा मुलांच्या नावे होतं. धाकट्यानं विकायचं ठरवलं, त्याला नव्या वस्तीत छोटा फ्लॅट घ्यायचा होता. टेपकाकांनी फार ताणलं नाही. घर आमच्याच ऑफिसकडे आलं आणि मोजायलाही तेच गेले. आमच्या साहेबांनी दुसऱ्याला पाठवतो म्हटलं होतं. टेपकाका म्हणाले, माझी मोजणी माझ्या घराला वेगळी नाही.

त्या सकाळी काय झालं ते त्यांनी मला पुढे तीन-चारदा सांगितलं, दर वेळी त्याच शब्दांत.

पुढच्या तीन खोल्या बेडरूम म्हणून लिहिल्या. मागच्या खोलीत ताई मशीनवर बसून एका जाकिटाची चेन लावत होती, डोक्यावर बल्ब. टेपकाकांनी लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि लिहिलं, स्टोअर. धाकटा दारात उभा होता. तो भडकला. सव्वीस वर्षं ताई झोपते या खोलीत, मग बेडरूम नाही तर काय आहे ही, असं त्याचं म्हणणं.

टेपकाका परक्या मालकाशी बोलतात तसे बोलले. खिडकी नाही. छत सहा फूट नऊ इंच, कारण वर फळ्यांचा माळा. उद्या स्वयंपाकघरात आग लागली तर इथल्या माणसाला बाहेर पडायला वाट नाही. "नियमाप्रमाणे इथे माणसानं झोपायचंच नाही," ते म्हणाले.

मशीन थांबलं. ताईनं चष्मा काढला.

"मग मी कुठे झोपत होते रे इतकी वर्षं?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं असावं.  टेपकाका दर रविवारी त्या घरी जात. त्याच कॉटवर बसून ताईच्या हातचा चहा घेत. भर दुपारीही बल्ब लावलेला असे. जो माणूस परक्यांच्या घरात शिरल्या शिरल्या आधी खिडकी शोधायचा, त्याला सव्वीस वर्षांत त्या खोलीत कधी खिडकी आठवली नाही. "मी बहिणीकडे जात होतो हो," ते मला म्हणाले. "घर बघायला कुठे जात होतो?"

त्यांनी तेव्हा टेप गुंडाळली आणि निघून आले.

धाकट्यानं गवंडी आणला. तीन दिवसांत माळा उतरवला, मागची भिंत फोडून चांगली रुंद खिडकी बसवली. जे सव्वीस वर्षांत झालं नाही ते तीन दिवसांत झालं. टेपकाका पुन्हा गेले, मोजलं, खिडकीतून बाहेर पडून पाहिलं, आणि सही केली. चार बेडरूम. आता खोटं काहीच नव्हतं.

फोटो काढायला मी एजंटबरोबर गेले. माझी आणि ताईंची भेट ती एवढीच. त्यांची कॉट हलवून तिथे धाकट्याच्या खोलीतला मोठा पलंग आणला होता. भिंतींना नवा रंग होता. मशीन मागच्या पायरीवर काढून ठेवलेलं, आणि त्याच्या शेजारी ताई मांडीवर कापडाचं बोचकं घेऊन बसल्या होत्या. गिऱ्हाईक येणार असलं की त्यांना बाहेर बसायला सांगत. खोली भरलेली दिसायला नको, असं भावजयीचं म्हणणं.

"तुम्ही लिहिता ना ते?" त्यांनी विचारलं. "माझ्या खोलीचं काय लिहिलंत?"

मी वाचून दाखवलं. चौथी बेडरूम घराच्या मागच्या बाजूला, रस्त्याच्या आवाजापासून दूर, सकाळचं ऊन येणारी.

"छान लिहिलंय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ऊन येतं ते खरंय. सुई ओवायला आता बल्ब लागत नाही."

 मी फोटो काढले आणि परत आले.

खिडकी झाल्यावर त्या खोलीत ताई एकोणीस दिवस राहिल्या. विसाव्या दिवशी घर विकलं गेलं.

आता ताई जाणार कुठे, हा प्रश्न निघाला. धाकट्याच्या फ्लॅटला दोनच बेडरूम, एक त्या दोघांची, एक मुलाची. टेपकाकांकडे एका खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि मुलगी, दुसऱ्या खोलीत बाकी सगळा संसार. तरी त्यांच्या बायकोनंच सुचवलं, की बाहेरच्या खोलीत पडदा लावू, ताईंना तिथे घेऊ. टेपकाका ते सांगायला गेले.

ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडदा लावलेली जागा तुझ्या नियमात बसते का?"

ती टोमणा मारत नव्हती, असं ते मला शपथेवर सांगत. आणि मी त्यांना म्हटलं, अहो, मग हो म्हणायचं होतं. बसते म्हणायचं होतं.  जन्मात एकदा खोटं बोलायची वेळ आली होती आणि तेवढंही त्यांना जमलं नव्हतं. ते म्हणाले होते, नाही बसत.

"मग नको," ताई म्हणाली.

शहराच्या टोकाला एकट्या बायकांसाठी एक आश्रम आहे. लांबच लांब खोली, दहा कॉटा, दोन कॉटांच्या मधे एक लोखंडी कपाट. ताई तिथे गेली. मशीन नेता आलं नाही, आवाजाचा इतरांना त्रास होतो. ते तिनं कपड्यांच्या दुकानाला देऊन टाकलं. टेपकाका रविवारी जात राहिले. पहिले काही महिने ती शेजारणींचं सांगायची, कोण घोरतं, कोण साबण पळवतं. मग ते कमी झालं. हात मांडीवर ठेवून बसायची. पन्नास वर्षं ज्या हातांना काम होतं, ते नुसते पडलेले बघवत नाहीत, असं ते म्हणायचे.

त्यांनी ताईसाठी खोली शोधायला घेतली. ऑफिसचं काम सांभाळून आठ महिने हिंडले. त्यांच्या खिशाला झेपणाऱ्या खोल्या दुकानांच्या मागे, नाहीतर तळघरात. एकीलाही धड खिडकी नाही. प्रत्येक ठिकाणी उभ्या उभ्या नाही म्हणून परत यायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, ताईंना विचारा तरी. निदान दार लावून घेता येईल, मशीन ठेवता येईल. ते म्हणाले, पुन्हा तसल्याच खोलीत मी तिला माझ्या हातानं घालू?

शेवटी एक खोली मिळाली. चौथा मजला, लिफ्ट नाही, पण खिडकी होती. ते त्याच दिवशी आश्रमात गेले. ताई म्हणाली, "उशीर झाला रे. गुडघ्यांमुळे मला दुसऱ्या मजल्यावर जाता येत नाही." आणि मग, त्यांची समजूत काढावी तशी, "मला आता कुठे हलायचंच नाहीये. तू नको शोधूस."

दुसऱ्या वर्षी थंडीत ती गेली. छातीत कफ झाला होता. आश्रमाच्या वहीत जवळचा नातेवाईक म्हणून धाकट्याचं नाव होतं, कारण दाखल करायला तो गेला होता. त्यामुळे फोन त्याला गेला. तो बाहेरगावी होता, आणि टेपकाकांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. ते पोचले तेव्हा तिच्या कॉटवर नवी चादर घालून झाली होती आणि एक बाई आपले कपडे त्या कपाटात लावत होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, कोणाला भेटायचंय?

चौथ्या दिवशी ते ऑफिसात आले. मी म्हटलं, आज राहू द्या काका, दुसरं कोणी जाईल. त्यांनी मान हलवली. तीन घरं मोजायची होती. संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर आले, अक्षर नेहमीसारखंच सुबक. ते समोरच्या खुर्चीत बसले, कोट न काढता, आणि मी त्या घरांबद्दल काय लिहितेय ते बघत राहिले. मला एकही शब्द सुचत नव्हता. मी नुसते आकडे टाइप केले.