मस्कत, अडीच तास

माझ्या सासूबाई शहाबानो जन्मात विमानात बसल्या नाहीत. तरी पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात कुणाचं विमान किती वेळात पोहोचेल, हे सगळे त्यांनाच विचारतात. दुबई तीन तास, कुवेत चार, मस्कत अडीच. किलोमीटर त्यांच्या गावीही नसतात. विमान उतरेपर्यंत घरात केर काढायचा नाही, यासाठी त्यांना हा हिशोब लागतो. माणूस वाटेत असताना झाडलं की त्याची वाट पुसली जाते म्हणे.

आठ वर्षांपूर्वी सासरे मस्कतला निघाले, तेव्हा कामवालीनं चुकून झाडलं. ते परतले नाहीत. त्यांची कबर तिथेच आहे.

काल दुपारी माझा नवरा माज मस्कतला गेला. फरशीवर लाडवांचा चुरा, त्यावर मुंग्या. विमान सुटून दोन तास झाले आणि माझं डोकं फिरलं. अम्मी नमाजाला उभ्या होत्या. मी केरसुणी घेतली आणि उंबऱ्यापर्यंत लख्ख झाडून काढलं.

नमाज संपवून त्यांनी केरसुणी पाहिली. मग घड्याळाकडे बघत राहिल्या.

विमान सुटल्यापासून बरोबर अडीच तासांनी माजचा फोन आला.

"पोहोचलो गं. टॅक्सी नाही करावी लागली. अब्बा आलेत न्यायला."