घोडीच्या दिशेनं एक पाऊल

नवरा गेल्यावर तेर गावच्या धुरपदाबाईंनी वरातीची घोडी विकली नाही. तेव्हा सोयऱ्यांनी तोंडावर सुनावलं, विधवेनं धरलेल्या घोडीवर नवरदेव कोण बसवील? दोन वर्षं कुणी बसवला नाही. बाईंनी लोकांच्या रानात खुरपून घोडी जगवली. तिसऱ्या वर्षी एका वरातीत दुसऱ्याची घोडी उधळली, ती बाईंनी नुसतं समोर उभं राहून थांबवली. आता लग्नसराईत त्यांना दम घ्यायला सवड नसते. अपशकुन कुठं गेला, ते मी सोयऱ्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर मारामारीच झाली असती.

मी ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या बायांची शिबिरं घेते. बाया भाषण ऐकतात, चहा पितात, घरी जातात. कारभार नवराच करतो. त्याचा मला वीट आला. म्हणून मी बायांना धुरपदाबाईंच्या घोडीसमोर उभं करायला लागले. घोडी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची. काठी नाही, ओरडणं नाही.

एके दिवशी सकाळी सत्यभामा आली. सरपंच होऊन तीन महिने झालेले. त्याच दिवशी अकराला तिच्या गावची ग्रामसभा, आणि पाण्याच्या टाकीवरून गाव तापलेलं. नवरा रणधीर मोटारसायकलवरूनच म्हणाला, "सभेत म्याच बोलणार हाय. हिला तोंड उघडाय येत न्हाय. हौस हाय तर फिरवू द्या घोडं."

"सभेत तूच बोलायचं," मी तिला बजावलं.

तिनं लगाम घेतला आणि बैलाच्या कासऱ्यासारखे हाताला दोन वेढे मारले. जन्मभर बैलं धरलेली बाई, दुसरं काय करणार? त्यात भेदरून लगाम गच्च ओढला. वरातीच्या घोडीला लगाम ताणला की एकच कळतं, नाच! हलगीवर तिला तसंच शिकवलेलं असतं. घोडी मागच्या पायांवर उठली. सत्यभामाचा हात वर ओढला गेला, टाचा जमिनीवरून सुटल्या.

"हाण तिला!" रणधीर काठी घेऊन धावला. काठी बघून घोडी पुन्हा उठली.

धुरपदाबाई रणधीरला आडव्या गेल्या. "मागं सर."

"मावशी, मरंल की ती!"

"तू पुढं आलास तर मरंल."

मीही धावणार होते. बाईंनी मला नुसत्या डोळ्यानं जागेवर खिळवलं.

"सत्यभामा, माझ्याकडं बघू नगंस. तिच्याकडं एक पाऊल टाक."

"अंगावर यील!"

"मागं सरलीस तर फास आवळंल. जवळ गेलीस तर सैल पडंल. तिचे पाय टेकू दे... आता जा!"

खूर जमिनीवर आदळले. सत्यभामा रडत होती, पण गेली. एक पाऊल, मग अर्धं. लगाम ढिला पडला. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. मनगटावर लाल वळ. घोडी फुरफुरत उभी राहिली.

"दे हिकडं," रणधीरनं हात पुढं केला. "झालं नाटक."

"अवं, थांबा. तुमी आलाव की ती बिथरतीय."

आणि सत्यभामा चालू लागली. घोडी दोन पावलं मागून, पार टोकापर्यंत.

अकराला सभेत सगळे एकदम ओरडायला लागले. रणधीर उठला. सत्यभामाही उठली, आणि जे सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "एकेकानं बोला. म्या ऐकतीय." दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसऱ्याला म्हणाली, "माहीत न्हाय. सोमवारी इचारून सांगते." कुणीतरी फिदीफिदी हसलं. ती हलली नाही. रणधीर थोडा वेळ उभाच होता. मग बसला.

धुरपदाबाई तोवर टेंपोत घोडी घालून माकणी गावातल्या लग्नाला पोचल्या होत्या. मी फोन केला.

"बोलली का? बरं झालं. पर वेढा मारू नगं हे म्या आधी सांगाय पायजे हुतं. हात गेला असता पोरीचा."

मी समजूत घालायला गेले.

"ठिवते," त्या म्हणाल्या. "नवरदेव चढाय लागलाय."