उपाशीपोटी

डासकाका कुणाला टोचून बोलल्याचं ऐकिवात नाही. टोचलं मात्र त्यांनी हजारो लोकांना. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये ते एकोणीस वर्षं सुई घेऊन बसत होते. एका रडक्या पोरीने चिडून त्यांना 'डास' म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की लॅबच्या मोठ्या मॅडमसुद्धा एकदा सगळ्यांसमोर "अहो डास" म्हणून बसल्या आणि मग दिवसभर त्यांची नजर चुकवत फिरल्या.

माणूस दांडगा, मिशा भरघोस, पण हात असा हलका की सुई गेली कधी नि निघाली कधी ते कळायचं नाही. बाजूची खुर्ची रिकामी असली तरी लोक त्यांच्यासाठी ताटकळत बसत. दुसऱ्या कुणाला न सापडणारी शीर काकांना नुसत्या बोटाने चाचपून सापडे. आपल्याला आयुष्यात एवढी एकच गोष्ट येते, असं ते मानत. ते खरं नव्हतं, पण त्यांचा तसा ठाम समज होता आणि पुढचा सगळा घोळ त्या समजामुळेच झाला.

गेल्या सहा महिन्यांत त्यांना काहीतरी झालं होतं, आणि गंमत म्हणजे झालं काहीच नव्हतं. घरातलं कुणी गेलं नव्हतं, नोकरी शाबूत होती, मुलगी परगावी शिकत होती आणि चक्क पासही होत होती. तरी सकाळी एक बूट हातात घेऊन काका पलंगाच्या कडेला बसून राहत. लॅबमध्ये हात आपलं काम आपण करी. घरी आले की स्वयंपाकघरातल्या खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसत. जेवायला वाढलं तर जेवत, नाही वाढलं तर विचारत नसत. काकू शहर बसमध्ये कंडक्टर. भरल्या गाडीतून वाट काढायची सवय असलेली बाई. त्यांनी एके दिवशी नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. "उठा. डॉक्टरांकडे जायचंय. गाडी इथे किती वेळ थांबवायची?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रोज एक गोळी लिहून दिली आणि ती कशी घ्यायची तेही समजावलं. "लागू पडायला तीन-चार आठवडे लागतील. त्याआधी थोडा त्रास होईल, बहुतेक निघूनही जाईल. घाबरू नका."

'घाबरू नका' हे काका स्वतः दिवसातून चाळीस वेळा म्हणत. त्यात किती दम असतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे ते तिथल्या तिथे घाबरले.

घरी येऊन त्यांनी आणखी एक चूक केली. खोक्यातला तो घड्या घातलेला कागद उलगडून, भिंग लावून अथपासून इतिपर्यंत वाचला. मळमळ, कोरडं तोंड, जांभया, घाम, थरथर, धडधड. यादी संपता संपेना. त्यातले एक-दोन त्रास तर फक्त बायकांना होणारे होते. तेही आपल्याला होणार, याबद्दल काकांच्या मनात शंका उरली नाही.

पहिल्या सकाळी साडेपाचला पोटात गोळी गेली आणि पाठोपाठ गोळा आला. लॅबपर्यंत चालत जाताना दोनदा भिंतीला हात टेकावा लागला. आठच्या सुमारास ते मागच्या मोरीत जाऊन ओकले. बाहेर आले तर तोंडचं पाणी पळालेलं, आणि ते नुसतं म्हणायला नव्हे; जीभ टाळूला चिकटून बसली होती. त्यात जांभया. पेशंट हात पुढे करून बसलेला आणि काका जबडा फाकवून उभे. जांभया घालवायला त्यांनी काळी कॉफी सुरू केली. सकाळभरात चार-पाच मग रिचवू लागले.

तिसऱ्या दिवशी काउंटरवालीने विचारलं, "काका, बरं नाही का?"

"पित्त," काका म्हणाले. पित्त हे फार सोयीचं दुखणं आहे. त्यावर कुणी पुढे काही विचारत नाही.

पाचव्या दिवशी त्यांच्या खुर्चीसमोर शिंपीणबाई येऊन बसल्या. साखरेच्या तपासणीला दर महिन्याला येणाऱ्या, दोरीसारखे हात, शिरा सगळ्या आत दडलेल्या. काका सोडून त्या कुणाला हात लावू देत नसत. काकांनी दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उचलली आणि सुईचं टोक हललं. टोक कशाने हललं म्हणून त्यांनी मागे पाहिलं, तर मागे त्यांचाच हात होता.

मनगट टेबलावर दाबून धरलं तरी बोटं थरथरतच होती. पहिल्यांदा सुई चुकली. दुसऱ्यांदा लागली, पण तिरकी, आणि बाईंच्या कोपरात निळा फुगा उठला. आयुष्यभर सुईत दोरा ओवलेली बाई ती. तिला काय दिसायचं राहणार?

"भाऊ, हात हलतोय तुमचा," त्या हळूच म्हणाल्या.

"कॉफी जास्त झाली."

बाईंनी बाही खाली ओढली आणि गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका सामानाच्या खोलीत गेले आणि कापसाच्या खोक्यांवर बसले. छातीत असं धडधडत होतं की ते बाहेर ऐकू जाईल म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. हात पुढे धरून पाहिला. हललाच. दुसरा धरला, तोही हलला. हे असंच राहिलं तर? सुई हातातून गेली तर आपण काय उरतो? मिशा आणि एक पांढरा कोट. डोकं ताळ्यावर आणायला हात गहाण टाकला, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

"बंद करतो गोळी," ते थेट म्हणाले.

"थांबा, थांबा. किती वाजता घेता?"

"साडेपाचला. उपाशीपोटी."

"उपाशीपोटी कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षं येईल त्याला ते बजावत आले होते की सकाळी या आणि उपाशीपोटी या. डॉक्टरांच्या तोंडून 'सकाळी' ऐकलं आणि पुढचं वाक्य काकांनी आपल्या पदरचं लावून टाकलं.

"नाश्त्यानंतर म्हणालो होतो मी. आणि वर काय घेता? चहा, कॉफी?"

"कॉफी. चार-पाच मग."

"रिकामं पोट, त्यात गोळी, त्यावर पाच मग कॉफी! अहो, मीसुद्धा थरथरलो असतो." मग डॉक्टरांचा सूर बदलला. "एक सरळ विचारतो, सरळ सांगा. जगायला नको, स्वतःचं काही करून घ्यावं, असं मनात येतं?"

"नाही," काका म्हणाले. "भीती वाटते. नुसती भीती."

"तसं कधी मनात आलं तर वाट बघत बसायचं नाही, त्याच मिनिटाला फोन करायचा. काकूंनाही सांगून ठेवा. कॉफी कमी करा, पोटात काहीतरी घालून गोळी घ्या. थरथर बहुतेक ओसरेल. नाही ओसरली तर गोळी बदलू, ते माझं काम. पण आपल्या मनाने बंद करायची नाही."

आपल्या मनाने! मनानेच तर सहा महिने सगळं बंद करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पाव आणि उकडलेलं अंडं खाऊन गोळी सुरू झाली. दोन दिवसांत ओकाऱ्या थांबल्या. जांभया उरल्या, पण बेताच्या. थरथर कमी झाली म्हणावी तर झाली होती, आणि गेली म्हणावी तर गेली नव्हती. साध्या माणसाला तेवढं चाललं असतं. सुई धरणाऱ्याला कसं चालणार? मोठ्या मॅडमना त्यांनी "हाताला जरा त्रास आहे" एवढंच सांगितलं, आणि मॅडमनी त्यांना नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. त्यांच्या खुर्चीवर दुसरीच कुणीतरी बसली. लोक येत, काकांकडे बघत, आणि मुकाट्याने तिच्यापुढे हात करत. काका चिठ्ठ्या चिकटवत. चिठ्ठ्यासुद्धा वाकड्या जात होत्या.

अकराव्या सकाळी काकांनी अंडं खाल्लं, पाव खाल्ला, पाकिटातून गोळी काढली आणि बशीच्या कडेला ठेवली.

"घेत नाही," ते म्हणाले.

काकू खाकी गणवेश घालून, कामावर निघायच्या तयारीत उभ्या होत्या. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"डॉक्टर म्हणालेत ना, बदलून देतो?"

"आणि दुसरीनेही असंच झालं तर? अगं, मला दुसरं येतं काय? मॅडमनी आज चिठ्ठ्यांवर बसवलंय, उद्या घरी बसवतील. डोक्याचं मी बघून घेईन कसंतरी. हात गेला तर माझ्याकडे उरलं काय?"

"हात होता की सहा महिने," काकू म्हणाल्या. "चांगला ठणठणीत होता. तुम्ही कुठे होतात?"

काकांनी बशी आणखी लांब सरकवली.

"मला घाबरवू नका आता. माझी भीती झालीये सगळी खाऊन."

"तुला कसली भीती? तू भरल्या गाडीत दारुड्यांना खाली उतरवतेस."

काकू ओढणीच्या टोकाशी चाळा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या सरळ नवऱ्याकडे बघत बोलल्या, पण आवाज त्यांचा राहिला नाही. "ड्युटी संपवून घरी आले ना, की दाराशी उभी राहायचे मी. चावी हातात घेऊन. पाच मिनिटं, कधी दहा. समोरच्या वहिनींना वाटायचं, चावी सापडत नाही माझी. आत गेल्यावर काय बघायला लागेल, ह्या भीतीने कुलूप उघडवत नव्हतं मला. रोज. सहा महिने."

भिंतीकडे तोंड करून बसलेलं असताना मागे कुलूप उघडल्याचा आवाज काकांनी रोज ऐकला होता. त्याच्या आधीची ती दहा मिनिटं त्यांना माहीत नव्हती.

त्यांनी गोळी उचलली. ती बोटांत हलत होती, म्हणून सरळ तळव्यावर घेऊन तोंडात टाकली आणि दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायले. थोडं मिशीवर सांडलं. भीती होती तशीच होती.

"कालसुद्धा थांबली होतीस?" त्यांनी विचारलं.

"काल पण," काकू म्हणाल्या. "थोडंच."