वेटिंग लिस्ट आणि फरार नवरदेव

खून आणि दरोड्यांच्या फायली डोक्यातून कधीच उतरल्या, पण ती एक तक्रार अजून जशीच्या तशी आठवते. आठवली की मी एकटा असलो तरी हसतो, आणि घरचे लोक दाराआडून बघून जातात.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी वर्धा शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी झाली होती, गस्तीचे शिपाई झोपायला गेले होते, कोठडीतल्या जुगाऱ्यांना चहा पाजून झाला होता. अशा निवांत वेळी एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी एकटीच आत आली आणि ठाणे अंमलदारासमोर उभी राहून म्हणाली, "तक्रार लिहा. आमच्या घरी पाहुणे येणार होते, ते आले नाईत."

ठाणे अंमलदार म्हणजे आमचे जुने हवालदार. त्यांच्या स्वतःच्या तीन मुली उजवायच्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, पाहुणे न येणं हा गुन्हा असता तर अर्धा जिल्हा आत असता."

मी हसतहसत बाहेर आलो. मुलगी हसली नाही. मला एवढंच म्हणाली, "साहेब, अल्लीपूरच्या पोरीचेबी आले नाईत. त्याच दिवशी. त्याच टायमाले."

आता मात्र मी तिला खुर्ची दिली.

मुलगी देवळीजवळच्या खेड्यातली. शहरात मुलींचं एक अध्यापक विद्यालय होतं. तिथे दोन वर्षं काढली की शिक्षिकेची नोकरी जवळजवळ खिशात, म्हणून अर्जांचा नुसता पाऊस पडायचा. गुणवत्ता यादीत हिचं नाव थोडक्यात हुकलं, पण वेटिंग लिस्टवर ती पहिली होती.

ज्यांनी वेटिंग लिस्ट भोगलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिल्या यादीतल्या सगळ्याच मुली काही येत नाहीत. कोणी नर्सिंगला जाते, कोणाला नागपूरला जागा मिळते, कोणाचं लग्न ठरतं. मग रिकाम्या जागांसाठी एक दिवस नेमतात. वेटिंगवरच्या सगळ्यांनी मूळ दाखले घेऊन व्हरांड्यात उभं राहायचं. सकाळी अकराला कारकून खिडकीतून क्रमाने नाव पुकारतो, तीन हाका मारतो. 'हजर' आलं तर प्रवेश. नाही आलं तर पुढचं नाव. तुम्ही आजारी होता, एसटी बंद पडली, नदीला पूर आला, खिडकीला त्याचं काही नसतं. यादीतला क्रमांक म्हणजे प्रवेश नव्हे. क्रमांक म्हणजे हाक ऐकण्याचा हक्क. आणि जागा किती सुटतील हे प्राचार्यांनासुद्धा आधी माहीत नसतं. एखाद्या वर्षी पहिल्या नंबरचा माणूस कोरडा राहतो आणि पुढच्या वर्षी विसाव्या नंबरचाही आत जातो.

त्या दिवशी नेमकी एकच जागा सुटली होती. आणि त्याच दिवशी आमच्या या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते.

चार दिवस आधी एक मध्यस्थ घरी येऊन गेला होता. धोतर, कोट, बोलणं तुपासारखं. मुलगा ओव्हरसिअर, हुंड्याची एका शब्दाने बात नाही, मात्र मंडळी सकाळी अकरालाच येतील, कारण त्यांचा दुसरा दिवस नाही. मुलीने बापाला परोपरीने विनवलं, की मला कॉलेजात जाऊ द्या. पण हुंडा न मागणारा ओव्हरसिअर दारात येत असताना पोरीला वर्ध्याला धाडणारा बाप आमच्या जिल्ह्यात त्या काळी जन्मलेला नव्हता. तिला नवी साडी नेसवून बसवलं. पोहे भिजवले, सुकले, पुन्हा भिजवले. संध्याकाळी ते शेळीने खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात गेली तर जागा चौथ्या नंबरला गेलेली. तिथेच दोन नंबरच्या, अल्लीपूरच्या मुलीचे वडील भेटले. तेही पाहुण्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मुलगी तिथून थेट ठाण्यात आली. बापाला सांगून आली नव्हती.

हवालदारांनी पेन पुन्हा उचललं. "कलम कोणतं लावू, साहेब?"

मी म्हणालो, आधी नवरदेव शोधू, मग कलम शोधू.

मी आणि हवालदार अल्लीपूरला गेलो, मग तीन नंबरच्या मुलीकडे केळझरला. तिन्ही घरांत तोच मध्यस्थ. तिन्ही घरांच्या जाती वेगळ्या, आणि गंमत बघा, प्रत्येक ठिकाणी नवरदेव बरोबर त्या घरच्याच जातीचा, कुळी तपासलेला. कॉलेजच्या फळ्यावर नाव, आडनाव, गाव लावलेलं असतं. आमच्याकडे आडनावावरून माणसाचं सगळं काढणारे पायलीला पन्नास मिळतात.

पोलिसी शिरस्त्याप्रमाणे मी प्रत्येक ठिकाणी फरार इसमाचं वर्णन लिहून घेतलं. फरार इसम म्हणजे नवरदेव. लोकांनी त्याला पाहिलेलं नव्हतं, पण मध्यस्थाने तो असा काही रंगवला होता, की घरोघरी त्याचा फोटो लावल्यासारखा झाला होता. उंच, सावळा, जाड काड्यांचा चष्मा, राजदूत मोटारसायकल, पाटबंधाऱ्यात नोकरी, वांग्याची भाजी खात नाही, जेवल्यावर बडीशेप लागतेच. तिन्ही ठिकाणी शब्द न शब्द तेच. जाती तीन, नवरदेव एक.

अल्लीपूरच्या बापाला तर प्रवेश गेल्याचं दुःख कमी आणि ओव्हरसिअर गेल्याचं जास्त होतं. मला फाटकापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पोरगा सापडला तर पयले आमच्याकडे आणजा." केळझरला मुलीच्या आईने दारामागून विचारलं, की पाटबंधाऱ्यातली नोकरी पक्की आहे की टेंपररी. मी म्हणालो, बाई, मी तपासाला आलोय. त्या म्हणाल्या, तेच तर विचारून राह्यली.

फायदा कोणाचा झाला हे शोधायला डोकं लागत नव्हतं. चौथ्या नंबरच्या मुलीचं घर आर्वी रस्त्यावर होतं. वडील साधे, अबोल. मुलीला जागा मिळाली ती गणपतीच्या कृपेने, एवढंच त्यांना माहीत. मला त्या माणसाच्या तोंडावर खोटं दिसलं नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत दिसतात तेवढी खोटी तोंडं मी तेव्हाच पाहून घेतली होती.

नेमकी जेवणाची वेळ. आग्रह झाला, आम्ही बसलो. शेजारच्या पाटावर घरचे मोठे जावई होते. उंच, सावळे, जाड काड्यांचा चष्मा. मांडीवर दोन वर्षांचं पोर. वाढणारी बाई भाजीचं पातेलं घेऊन आली, तशा सासूबाई आतून म्हणाल्या, "जावईबापूले वांगं नको वाढू वं."

हवालदारांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाहेर पाहिलं. लिंबाखाली राजदूत उभी होती.

मी फार गोड आवाजात विचारलं, "जावईबापू, बडीशेप खाता का?"

"हो," ते म्हणाले. "जेवल्यावर लागतेच."

बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती, की गेला आठवडाभर आपण तीन घरांत तीन जातींचे उपवर आहोत. माणूस खोटं बोलायला बसला की सामान घरातूनच आणतो. अनोळखी माणूस मनाने घडवणं कष्टाचं काम आहे. त्यापेक्षा जावई उचलून नेणं सोपं. हे ज्याला सुचेल तो या घरचा आणि या जावयावर खूश असलेला माणूस असणार. मी विचारलं, यांचं लग्न कोणी जुळवलं? सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "माह्या भावानं. पोरीच्या मामानं."

मामांना संध्याकाळी ठाण्यात बोलावलं. आले ते धोतर-कोटातच, आणि खुर्चीवर असे बसले, की जणू बोलणी करायला आले आहेत. मी आवाज चढवला नाही. अशा माणसाला मारण्यापेक्षा बोलू देणं जास्त घातक असतं. पाणी दिलं, आणि म्हणालो, माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायची आहे, तुमच्या बघण्यात आहे का कोणी? मामा एवढे खुलले, की देवळीजवळच्या आमच्या तक्रारदार मुलीचंच स्थळ मला सांगू लागले. घर कसं, बाप कसा, अंगण किती मोठं. शेवटी म्हणाले, पोह्यात शेंगदाणे जरा जास्त टाकतात.

मी विचारलं, तुम्ही कधी गेलतात तिथे?

मामांनी कोटाची बटणं लावली, काढली. मग एकदम मोकळे झाले. भाचीने दोनदा अर्ज केला होता, दोनदा नाव हुकलं होतं, रोज रडायची, मामाला पाहवलं नाही. म्हणून हा उद्योग. मी म्हणालो, अहो, पण तीन घरांशी धडधडीत खोटं बोललात तुम्ही.

"खोटं काय सांगतलं, साहेब?" मामा दुखावून म्हणाले. "पोरगा उंच हाय, सावळा हाय, वांगं खात नाई. लगन झालेलं हाय, एवढंच सांगाचं राह्यलं."

पलीकडच्या टेबलावर हवालदारांनी तोंडात रुमाल कोंबला होता.

मामांवर फसवणुकीचं कलम लागलं. पुढे कोर्टात तडजोड झाली. तिन्ही घरी जाऊन हात जोडायचे, अशी अट होती. केळझरच्या बाईंनी माफ केलं, पण एक खरा ओव्हरसिअर आणून देण्याच्या बोलीवर.

माझा प्रश्न कोर्टात सुटणारा नव्हता. देवळीजवळच्या त्या मुलीचं वर्ष जाऊन चालणार नव्हतं. बापाने बजावून ठेवलं होतं, की यंदा शिक्षण, नाही तर लग्न; पुढच्या वर्षीचं नाव काढायचं नाही. मी प्राचार्याबाईंना जाऊन भेटलो. बाई कडक. नियम नियम असतो म्हणाल्या. मी म्हणालो, नियम मोडायचा नाही, तीन हाका पुन्हा मारायच्या आहेत. बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि फसवणुकीने भरलेली जागा रिकामी धरून नवी तारीख फळ्यावर लावली.

इथे वेटिंग लिस्टने मामाला खरी शिक्षा दिली. नव्या तारखेपर्यंत आणखी मुली सोडून गेल्या. ती धरून रिकाम्या जागा निघाल्या चार, आणि भाचीचा नंबरही चौथाच. म्हणजे मामा आपल्या घरी गप्प चिवडा खात बसले असते, तरी भाची आत गेलीच असती. मला अजून लोक विचारतात, पोरगं वेटिंगवर आहे, कोणाला भेटू? मी सांगतो, कोणाला भेटू नका. मूळ दाखले पिशवीत ठेवा, वेळेच्या आधी जा, नाव पुकारेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका. वाट बघणं हेही काम असतं. ते नीट करणारी माणसं मी नोकरीत फार थोडी पाहिली.

त्यांतली एक नव्या तारखेला व्हरांड्यात उभी होती. गर्दी आवरायला मी स्वतः गेलो होतो. मुलगी पहिल्या एसटीने येऊन खिडकीला खेटून उभी. एवढ्यात फाटकातून तिचा बाप घाईघाईने आत आला, आणि मागे तीन पुरुष. पोलीस या घरासाठी नवरदेव शोधतायत ही बातमी पंचक्रोशीत फिरली होती, आणि त्यामुळे एक खरंखुरं स्थळ चालून आलं होतं. आजच. अकरालाच. मुलगी घरी थांबली नाही म्हणून बाप पाहुण्यांनाच वाटेत गाठून एसटीत घालून घेऊन आला होता.

मुलाचे वडील भले गृहस्थ होते. त्यांनी टोपी सारखी केली, तिथेच व्हरांड्यात पाहणीला सुरुवात केली, आणि रीतीप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, "नाव काय बाई तुझं?"

खिडकीतून कारकुनाने खणखणीत आवाजात तिचं नाव पुकारलं. वडिलांच्या नावासकट, गावासकट.

"हजर," ती म्हणाली. पाहुण्यांना वाकून नमस्कार केला, पिशवी उचलली आणि आत गेली. दार लागलं.

पाहुणे बंद दाराकडे बघत राहिले. मग मुलाचे वडील अदबीने माझ्याजवळ आले. "साहेब," ते म्हणाले, "पोरीले बाहेर याले किती टाइम लागन?"

"दोन वर्षं," मी म्हणालो.