पट्ट्यात अडकलेली लाल माती

मंडळी, आज सकाळी सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गावात, गोदावरीच्या घाटावर, पुरात माणसं काढायची गाडी दाखवायला आणली होती. पाण्यात तरंगती, जमिनीवर चालती, आन् चिखलात रुतू नये म्हणून टायरांवर रबरी पट्टे चढवलेले.

गाडी घाटाच्या फरशीवरून पाण्यात गेली आन् फरशीवरूनच वर आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीबी.

माझे चुलते नामदेवकाका मात्र पट्ट्यापाशी वाकले. खाचेत घट्ट बसलेली माती नखानं काढून मला दाखवली. लाल होती.

"ही आपल्याकडची न्हाई. आपली काळी माती पावसात चप्पल सोडत न्हाई, ह्या गाडीचे पट्टे सोडंल का?"

मग त्यांनी गाडी घेऊन आलेल्या सरकारी साहेबाला शेजारचं ओलं वावर दाखवलं. "हितनं एक चक्कर मारा की."

साहेब हसले. "आज तसा कार्यक्रम नाही." आन् मी पंचायतीचा सदस्य म्हणून माझ्यापुढं कागद धरला. 'प्रात्यक्षिक यशस्वी', खाली सहीला जागा.

काका हळूच म्हणाले, "पुरात ही आपल्याला काढणार, का आपुन ट्रॅक्टर लावून हिला काढायचं?"

पेन खिशातच ठेवलाय. तुमी केली असती का सही?