खंडेनवमीची हळद

हात कामातून गेला तर खायचं काय, हा एकच प्रश्न त्या पावसाळ्यात माझ्या डोक्यात घोळत होता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. पेठला माझं छोटंसं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे काय, चार खांबांवर पत्रे आणि मागे दोन खोल्यांचं घर. जीपगाड्या, विहिरीवरची डिझेल इंजिनं, भात सडायच्या गिरण्या, जे बंद पडेल ते माझ्याकडे यायचं. अशाच एका गिरणीचा पट्टा घसरत होता. घसरत्या पट्ट्यावर थोडी राळ टाकली की तो पकड घेतो, हे खरं. पण हात बेतानं लांब ठेवून टाकायची असते, हेही खरं. मी गप्पा मारत टाकायला गेलो आणि उजवा पंजा आत ओढला गेला. टाके पडले. बोटं पुन्हा वाकतील की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगेनात.

मुळात मी तापट माणूस. त्यात रिकामं बसायचं म्हणजे शिक्षाच. दिवसभर बायकोवर खेकसायचो. चहा गरम म्हणून, चहा गार म्हणून. तिनं मला न विचारताच सप्तशृंगीच्या गडावर जाऊन नवस बोलून टाकला. ह्यांचा हात बरा होऊ दे, दर खंडेनवमीला हत्यारं तुझ्या नावानं पाटावर बसवीन आणि दसऱ्याचा दिवस उजाडेपर्यंत ह्यांना त्यातल्या एकालाही हात लावू देणार नाही.

"तोंड बंद राहायचाही नवस बोलायचास की," मी म्हणालो.

"तेवढं आईलाही जमायचं नाही," ती म्हणाली.

पुढे बोटं वाकायला लागली. नवसानं की औषधानं, ह्या वादात मी पडलो नाही, आजही पडत नाही. गणपती उठल्यावर एक दिवस पाना मुठीत धरता आला आणि मी तिथेच गाडीखाली पडल्या पडल्या ढसाढसा रडलो, एवढं मात्र खरं.

तर नवसाची पहिली खंडेनवमी. आदल्या संध्याकाळी पाने, पकडी, हातोड्या, जॅक, झाळायची सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन पुसून ठेवली होती. सकाळी बायकोनं पाटावर लाल कापड घालून ती मांडली. झेंडूच्या माळा, कुंकू, आणि मोठी पितळी वाटी भरून हळद. "एवढी हळद? लग्न आहे का कुणाचं?" मी चिडवलं. नारळ फोडून उदबत्ती लावतोय तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न ऐकू आला आणि वाफेचा लोट सोडत एक जीप दारात येऊन थांबली.

जीप सुरगाण्याकडची, ड्रायव्हर चिंतामण माझ्या ओळखीचा. मागे एक पहिलटकरीण आडवी पडली होती आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन तिची सासू बसली होती. पोरगी अडली होती. इथल्या दवाखान्यात दाखवून झालं होतं. मूल आडवं आहे, ऑपरेशन लागेल, नाशिकला न्या, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि नाशिकच्या रस्त्याला लागण्याआधीच गाडी पाणी फेकायला लागली. बाईही अडली, गाडीही अडली.

मी खाली वाकून बघितलं. रेडिएटरच्या खालच्या पितळी नळीला बारीक चीर होती आणि तिथून पाण्याची धार लागली होती. हे काम म्हणजे रेडिएटर उतरवा, झाळा, परत चढवा. दुपार टळून गेली असती. दुसरी गाडी? सणाचा दिवस. गावातली एक जीप गडावर गेलेली, दुसरीचं इंजिन माझ्याच पत्र्याखाली सुटं पडलेलं. एसटी संध्याकाळी. मागून त्या पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. सुरुवातीला मोठ्यानं ओरडत होती, आता आवाज बारीक होत चालला होता. ते जास्त वाईट होतं.

"मिस्तरी, कायतरी करा," चिंतामण हात जोडून म्हणाला.

मी पाटाकडे बघितलं. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली. नुकताच परत मिळालेला हात होता. नवस मोडला आणि पुन्हा काही झालं तर? पण दारात एक जीव चाललेला असताना नवस घेऊन बसायचं, असला कसला देव आणि असला कसला भक्त? बायकोकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"घ्या," ती म्हणाली. "बोलले मी होते. काय व्हायचं ते मला होऊ दे."

मी पाटापुढे बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवीशी कसलाही हिशेब न घालता बोललो असेन. म्हटलं, आई, हात तुझाच आहे. हवा तर परत घे. पण ह्या पोरीला पोचव. आणि पान्याकडे हात नेला.

हात तिथवर पोचायच्या आतच ती सासू माझ्या बाजूनं पुढे झाली. काळीसावळी, शिडशिडीत म्हातारी, गुडघ्यापर्यंतचं लुगडं. तिनं वाटीतली मूठभर हळद उचलली आणि सरळ जीपकडे गेली. मी ओरडलो, "आजी, भाजेल! तापलंय ते!" तिनं ऐकलंच नाही. पुढच्या जाळीतून हात खाली घालून तिनं जिथे ओल दिसली तिथे ती हळद थापली, वर बोट टेकवलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटली.

"आजी, काय करताय?"

"आज यंत्रांचा सण ना, दादा?" ती म्हणाली. "सगळ्यांना हळद लावली, हिलाच कुणी लावली नाय. पहाटेपासून पळवतोय आम्ही हिला. रुसली ती."

मला हसू यावं की रडू, कळेना. पण नजर खाली गेली आणि मी तसाच वाकलो. धार बारीक झाली होती. हळद त्या चिरेत भिजून बसली होती. आणि मला एकदम आठवलं! रेडिएटर गळायला लागला की लांबच्या पल्ल्याचे ट्रकवाले पाण्यात हळद सोडतात, हे मी शिकाऊ उमेदवारी करत असल्यापासून ऐकत आलो होतो आणि त्याला हसत आलो होतो. हळद आतून फुगते आणि बारीक चिरेत जाऊन अडकते. त्याला ना पाना लागतो, ना पकड. नुसते हात लागतात. माझे हात मोकळेच होते.

पुढचं सगळं भराभर झालं. इंजिन थोडं निवू दिलं, कारण तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर ते तडकतं. रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकून ते हातानंच सोडलं. इंजिन चालू ठेवून बेताबेतानं पाणी घातलं आणि वाटीतली सगळी हळद पाण्यात कालवून आत सोडली. धारेची ठिबक झाली, ठिबकेचा नुसता ओलावा राहिला. झाकण मुद्दाम सैल ठेवलं, म्हणजे आत वाफ कोंडत नाही आणि चिरेवर जोर येत नाही. घरातला हळदीचा डबा आणि पाण्याचे दोन कॅन घेऊन मी पुढे बसलो, बायको मागे पोरीचे पाय धरून बसली.

"गाडी पळवू नकोस," मी चिंतामणला सांगितलं. "चालव."

घाटात दोनदा थांबलो. ओहोळाचं पाणी भरलं, चिमूटभर हळद टाकली आणि पुन्हा निघालो. प्रत्येक चढावर मी पुढच्या जाळीकडे कान लावून होतो. मागे म्हातारी सुनेला काहीतरी सांगत होती, सुरगाण्याकडच्या तिच्या आदिवासी कोकणी बोलीतलं मला निम्मंच कळत होतं. माझी बायको मात्र तिला सारखं "हो, हो" म्हणत होती.

नाशिकला पोचल्यावर पोरीला आत नेलं आणि आम्ही दवाखान्याच्या बाहेर बसलो. हाताची बोटं पिवळीधमक झाली होती. मला एरवी क्षणभर स्वस्थ बसवत नाही, पण त्या दुपारी मी शांत बसलो होतो. पाना उचलायचं ठरवलं तेवढं माझं होतं. उचलावं लागलं नाही, ते माझं नव्हतं. जे लागणार होतं ते माझ्यासमोरच, त्याच पूजेत वाटी भरून ठेवलेलं होतं आणि मी पान्यांकडे बघत बसलो होतो. आपण मोकळ्या हातानं समोर गेलो की आई काय द्यायचं ते बघते, एवढंच मला कळलं. चमत्कार म्हणायचं त्यांनी म्हणावं. मी गुमान हात जोडतो.

उन्हं कलायला लागली तेव्हा म्हातारी बाहेर आली. चिंतामण उठला, मी उठलो, माझी बायको धावत पुढे गेली. आमच्या मधून चालत चालत म्हातारी थेट झाडाखाली उभ्या असलेल्या जीपकडे गेली आणि तिनं बॉनेटवर दोन्ही हात ठेवले.

"नात झाली गं तुला," ती गाडीला म्हणाली. "दोघी सुखरूप हायत."

बायको तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. मी दुसऱ्या बाजूनं गेलो आणि बॉनेटवर कपाळ टेकवलं. पत्रा उन्हानं चांगलाच तापला होता. मी डोकं उचललं नाही.